शंभर किलोच्या वरची ज्युदो लढत कशी बघावी

ज्युदोची आंतरराष्ट्रीय स्पर्धा पहिल्यांदाच बघणारा माणूस बहुधा शेवटच्या दिवशी उगवतो, कारण वजनदार पुरुषांचे गट त्याच दिवशी असतात. मग त्याला दिसतं ते असं: दोन धिप्पाड पुरुष एकमेकांचे कोट धरून तीन मिनिटं ओढाताण करतायत, पंच सारखा मधे पडतोय, बोर्डावर पिवळी कार्डं चढतायत. आणि त्याने कंटाळून मोबाइलकडे नजर वळवली की नेमका त्याच क्षणी एकजण पाठीवर आडवा! सभागृह उठून उभं राहतं आणि हा शेजाऱ्याला विचारतो, ‘काय झालं?’

झालेलं असतं ते आधीच्या तीन मिनिटांत, दोघांच्या हातांमध्ये. हलक्या गटांच्या लढती नुसते पाय आणि फेकी बघूनही रंगतात. जड गटात हात बघावे लागतात. पकड कोणाची बसली, कोणाची सुटली, कोणाला हवी ती मिळालीच नाही, यावर निकाल ठरत जातो. फेक त्या हिशेबाची शेवटची ओळ असते. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने लावल्या आहेत. घाईत असाल तर चौथी आधी वाचा.

१. कोणता गट बघताय ते आधी ओळखा

पुरुषांचे सात वजनगट आहेत: ६०, ६६, ७३, ८१, ९० आणि १०० किलोपर्यंतचे सहा, आणि शंभराच्या वरचा सातवा. वेळापत्रकात शेवटचे दोन ‘−१००’ आणि ‘+१००’ असे लिहिलेले दिसतील. १९९७ पर्यंत ही सीमा ९५ किलोवर होती, त्यामुळे जुन्या निकालांत ‘+९५’ दिसलं तर गोंधळू नका, गट तोच.

चिन्हाचाच फरक दिसतो, पण हे दोन गट स्वभावाने वेगळे आहेत. शंभराखालच्या गटात सगळे जवळपास एकाच वजनाचे असतात. वजन स्पर्धेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी घेतात आणि बरेच जण घाम गाळून, पाणी तोडून त्या आकड्यावर उतरलेले असतात. रात्रीतून खाऊनपिऊन वजन परत किती चढवावं यालाही लगाम आहे. सकाळी काही खेळाडूंना चिठ्ठी टाकून पुन्हा काट्यावर उभं करतात आणि मर्यादेपेक्षा पाच टक्क्यांहून जास्त वजन भरलं तर खेळाडू बाद होतो. म्हणजे या गटात १०५ किलोच्या वर कोणी नाही असं धरून चाला. इथे वेग आहे, दम आहे, आणि फेकी बघणाऱ्यालाही सहज दिसतात.

शंभराच्या वर मात्र छप्पर नाही. ११० किलोचा चपळ गडी आणि दीडशे किलोचा डोंगर एकाच गटात, एकाच टाटामीवर (लढतीच्या गादीवर) समोरासमोर येतात. या गटाची सगळी गंमत त्या विषमतेत आहे. लुकाश क्रपालेक या चेक खेळाडूने २०१६ ला रिओत शंभराखालचं ऑलिंपिक सुवर्ण घेतलं, मग वरच्या गटात गेला आणि टोकियोत तिथलंही सुवर्ण जिंकला. वरच्या गटात तो सर्वांत जड कधीच नव्हता. त्याच्या दोन्ही काळातल्या लढती एकापाठोपाठ बघितल्या तर गट बदलल्यावर एकाच माणसाला आपलं ज्युदो किती बदलावं लागतं ते कळतं.

१९६४ ला टोकियोत ज्युदो ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा आलं तेव्हा जड गट ८० किलोवर सुरू होत होता. त्याशिवाय वजनाची अटच नसलेला एक खुला गट होता. तो १९८४ नंतर ऑलिंपिकमधून गेला. त्याचा वारस म्हणायचा तर आजचा शंभरावरचा गटच.

२. ड्रॉ हातात घ्या

स्पर्धेच्या आदल्या दिवशी ड्रॉ निघतो आणि आंतरराष्ट्रीय महासंघाच्या संकेतस्थळावर मिळतो. क्रमवारीतल्या पहिल्या आठ जणांना मानांकन असतं आणि ते अ, ब, क, ड अशा चार पूलांमध्ये वाटलेले असतात. तुमचा खेळाडू कोणत्या पूलमध्ये आहे आणि त्याच्या वाटेत मानांकित कोण बसलाय, एवढं बघितलं की सकाळचं चित्र डोळ्यांसमोर येतं.

नवख्यांची एक ठरलेली समजूत: हरला की घरी. ज्युदोत ते अर्धंच खरं. उपांत्यपूर्व फेरीच्या आधी हरलेला घरी जातो. उपांत्यपूर्व फेरीत हरलेल्या चौघांना रेपेचाजचं, म्हणजे दुसऱ्या संधीच्या फेरीचं, दार उघडं असतं. ते आपसात लढतात. त्यातले दोन विजेते, उपांत्य फेरीत हरलेल्या दोघांशी कांस्यपदकासाठी भिडतात. म्हणून ज्युदोत कांस्यपदकं दोन, पाचव्या क्रमांकाचे दोघं आणि सातव्या क्रमांकाचेही दोघं. फ्रान्सचा हेवीवेट तेदी रिनेर टोकियो ऑलिंपिकमध्ये उपांत्यपूर्व फेरीत तामेरलान बाशाएवकडून हरला आणि तरी कांस्य घेऊन परतला, तो याच वाटेने.

सकाळच्या सत्रात तीन-चार टाटामींवर एकाच वेळी लढती चालतात. सगळं बघायचा हट्ट धरू नका, डोकं उठतं. दोन खेळाडू निवडा, त्यांचा टाटामी क्रमांक आणि लढत क्रमांक लिहून ठेवा, बाकीचं कानाआड करा. संध्याकाळच्या सत्रात पदकांच्या लढती होतात, त्याही एकेक करून. पहिल्याच वेळी एकच सत्र जमणार असेल तर लोक संध्याकाळचं तिकीट काढतात. मी सकाळचं सुचवेन. अव्वल खेळाडू दुबळ्या प्रतिस्पर्ध्यासमोर आपला आवडता डाव मोकळेपणी दाखवतो तो पहिल्या-दुसऱ्या फेरीत. अंतिम फेरीत दोघांनाही एकमेकांची अंडीपिल्ली ठाऊक असतात, त्यामुळे तिथे डाव दाबून ठेवण्याचाच खेळ जास्त असतो.

स्पर्धेचा दर्जाही बघून घ्या. विजेत्याला ग्रां प्रीत ७०० गुण, ग्रँड स्लॅममध्ये १०००, मास्टर्सला १८००, जागतिक स्पर्धेत २००० आणि ऑलिंपिकला २२०० मिळतात. जड गटातले मोठे खेळाडू वर्षभर सगळीकडे हिंडत नाहीत. शरीर तेवढं साथ देत नाही. रिनेरसारखा माणूस वर्षातून मोजक्या वेळा उतरतो. म्हणून या गटात मानांकन बघून ताकदीचा अंदाज बांधणं धोक्याचं असतं. विनामानांकित नावाखाली कधीकधी माजी विश्वविजेता दडलेला असतो.

३. बोर्ड वाचायला शिका

दोघांपैकी एक पांढऱ्या ज्युदोगीत (ज्युदोच्या पोशाखात), दुसरा निळ्या. ड्रॉमध्ये ज्याचं नाव आधी तो पांढरा. निळ्या रंगाची सूचना १९८६ ला आंतोन खेसिंक या डच विजेत्याने केली होती. बरीच वादावादी होऊन १९९७ ला ती मान्य झाली. बघणाऱ्यांवर त्याने उपकारच केले. दोन्ही पांढरे असतानाची जड गटातली जमिनीवरची झटापट जुन्या चित्रफितीत बघा, कोणाचा हात कुठला ते उमगत नाही.

लढत चार मिनिटांची. ‘माते’ म्हटलं की घड्याळ थांबतं, ‘हाजिमे’ म्हटलं की सुरू.

गुण तीन प्रकारचे. प्रतिस्पर्ध्याला ताब्यात ठेवून, जोरात आणि वेगात पाठीवर फेकलं तर इप्पोन, आणि लढत तिथेच संपते. त्यात काही कमी राहिलं, समजा तो कुशीवर पडला, तर वाझा-आरी. दोन वाझा-आरी मिळून इप्पोन. त्याहूनही थोडक्यातल्या पडण्याला युको. युको २०१७ ला काढून टाकला होता आणि २०२५ पासून परत आणला. त्यामुळे मधल्या आठ वर्षांच्या लढती बघताना बोर्डावर तो दिसणार नाही, आणि २०१६ पर्यंतच्या बघताना पुन्हा दिसेल. युको कितीही साठले तरी त्यांचा वाझा-आरी होत नाही.

पंचाचा हात बघूनही हे कळतं. सरळ वर गेला तर इप्पोन, खांद्याच्या रेषेत आडवा गेला तर वाझा-आरी, तिरका खाली राहिला तर युको. मागच्या रांगेतून बोर्ड नीट दिसत नाही, पण हात दिसतो.

चार मिनिटांनंतर गुण सारखे असतील तर गोल्डन स्कोअर. त्याला वेळेची मर्यादा नाही. पहिला गुण घेणारा जिंकला, मग तो साधा युको का असेना. जड गटात गोल्डन स्कोअरची तीन मिनिटं ओलांडली की दोघांच्याही छातीचे भाते दिसायला लागतात. टोकियो ऑलिंपिकचा शंभराखालचा अंतिम सामना नक्की बघा: जपानचा एरन वुल्फ आणि कोरियाचा चो गु-हाम. गोल्डन स्कोअर लांबत गेला आणि शेवटी वुल्फने ओउची-गारीवर (आतून पाय अडकवून मागे पाडण्याच्या डावावर) इप्पोन घेतला. इतक्या थकव्यातही त्या डावात त्याचं डोकं आणि हात कुठे होते ते थांबवून थांबवून बघण्यासारखं आहे.

४. हात बघा

आता मुख्य गोष्ट. ‘हाजिमे’ होताच घड्याळ विसरा, चेहरे विसरा. चार हात आहेत, त्यांच्यावर नजर ठेवा.

प्रत्येकाचे दोन हात दोन वेगळी कामं करतात. एक हात बाही धरतो. हा लगामाचा हात: समोरच्याचा हात बांधून ठेवायचा आणि वेळ येताच खेचायचा. दुसरा कॉलर धरतो, छातीवर, मानेमागे किंवा थेट पाठीवर. हा सुकाणूचा हात. समोरच्याचं डोकं आणि खांदे तो वळवतो. उजव्या घडणीचा खेळाडू उजव्या हाताने कॉलर आणि डाव्याने बाही धरतो, डावरा उलट.

म्हणून पहिला प्रश्न: दोघंही एकाच घडणीचे आहेत का? उजवा विरुद्ध उजवा असेल तर त्याला आय-योत्सु म्हणतात. तिथे समोरच्याची उजवी बाही ज्याच्या ताब्यात, त्याचं पारडं जड. उजवा विरुद्ध डावा असेल तर केंका-योत्सु. तिथे दोघांचे कॉलरचे हात एकाच बाजूला येतात आणि आतून कोण, बाहेरून कोण यावरून जुंपते. बाहीचे हात मात्र लांबून एकमेकांना चापट्या मारत बसतात. टीव्हीवर मांजरांच्या भांडणासारखं दिसणारं ते दृश्य पोरकट वाटतं, पण तिथेच लढत चाललेली असते.

एक नमुना जवळून बघू. पांढरा उजवा आणि उंच. निळा डावरा आणि बुटका, पण रुंद. हाजिमे. पांढरा उजवा हात वरून टाकायला बघतो, निळ्याच्या डाव्या खांद्यावरून मानेमागे. निळ्याला ते नको आहे. तो डावा हात आतून घालतो, पांढऱ्याच्या उजव्या कॉलरवर गळ्याच्या हाडापाशी मूठ रोवतो आणि कोपर ताठ करतो. आता दोघांमध्ये एक खांब उभा आहे. पांढरा खांद्याने तो खांब वाकवू बघतो, एक पाऊल आत, खांदा पुढे. निळा मागे न जाता बाजूला सरकतो. दहा सेकंद गेली, वीस गेली. अचानक पांढरा निळ्याच्या मोकळ्या उजव्या बाहीवर झडप घालतो. निळ्याचं लक्ष तिकडे जातं, ताठ कोपर क्षणभर ढिलं पडतं, आणि पांढऱ्याचा उजवा हात वरून पाठीवर जाऊन बसतो.

गुण काहीच झालेला नाही. बोर्ड तसाच आहे. पण निळ्याचं डोकं आता छातीकडे झुकलंय, नजर टाटामीवर आहे, आणि पांढऱ्याचं सगळं वजन त्याच्या मानेवर लोंबतंय. इथून निळ्यापुढे तीन वाटा: डोकं खालून काढून सुटायचं, तशा वाकलेल्या अवस्थेतच काहीतरी हल्ला करायचा, किंवा गप्प राहून शिदो, म्हणजे दंडाचं पिवळं कार्ड, खायचा. जाणकार प्रेक्षक याच क्षणी ‘आता’ असं पुटपुटतात. फेक झाली तर पाच सेकंदांनी होईल, किंवा एक मिनिटाने, पण ती इथे पेरली गेली.

पाठीवरची ही वरची पकड हे उंच हेवीवेटचं मुख्य हत्यार. २ मीटर ४ सेंटिमीटर उंचीचा रिनेर आयुष्यभर तिच्यावर जगला. त्याच्याशी लढणाऱ्याचं निम्मं नियोजन एवढंच असतं की तो उजवा हात मानेपर्यंत पोहोचू द्यायचा नाही. म्हणून त्याच्या लढती कंटाळवाण्या आहेत अशी तक्रार बरेच जण करतात. माझं उलट मत आहे: पकडीचं शिक्षण घ्यायला याहून चांगला माणूस नाही, कारण त्याला नक्की काय हवंय ते सगळ्यांना आधीच माहीत असतं आणि तरी तो ते मिळवतो.

बुटक्या हेवीवेटची गणितं वेगळी. त्याला जवळ जायचं असतं, पण वरच्या पकडीखाली सापडायचं नसतं. म्हणून तो सारखा हालत राहतो, बाहीची टोकं धरतो, एका हाताच्या पकडीवरून खाली बसून खांद्यावरच्या फेकी टाकतो. कोरियाचा किम मिन-जोंग हा त्यातला अव्वल. शंभर किलोच्या वर असून सेओइ-नागे, म्हणजे खांद्यावरची फेक, इतक्या चपळाईने टाकणारे थोडेच. २०२४ ला अबू धाबीत तो जगज्जेता झाला आणि त्याच वर्षी पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत रिनेरसमोर उभा राहिला. उंच विरुद्ध बुटका हा धडा शिकायला ती लढत उत्तम. चार मिनिटं संपायच्या आतच रिनेरने हाराई-गोशीवर (पाठ वळवून पाय बाहेरून झाडण्याच्या फेकीवर) इप्पोन घेतला, पण त्याआधी किमने तो उजवा हात किती वेळा झिडकारला ते मोजत बघा.

५. पिवळ्या कार्डांचा हिशेब ठेवा

शिदो म्हणजे किरकोळ दंड. पहिल्या दोन शिदोंनी समोरच्याला गुण मिळत नाही. तिसरा आला की हान्सोकु-माके, लढत खलास. चार मिनिटांअखेर एकाचे दोन शिदो आणि दुसऱ्याचा एकही नसला तरी गुण सारखे असतील तर निकाल लागत नाही, गोल्डन स्कोअरच होतो. हे नवख्यांच्या पटकन लक्षात येत नाही आणि ते दोन कार्डवाल्याला हरलेला समजून बसतात.

जड गटात शिदो कशाकशासाठी मिळतो? मुख्यतः हल्ला न करण्यासाठी. पकड बसली की साधारण पाऊण मिनिटाच्या आत काहीतरी खरा प्रयत्न दिसावा लागतो. पंचाने दोन्ही हात छातीपुढे चाकासारखे फिरवले की समजा, निष्क्रियतेचा दंड आला. दुसरं कारण लुटुपुटूचा हल्ला: फेकायचा इरादाच नसताना नुसतं खाली बसकण मारायची. तिसरं, कड. हल्ला न करता पाय रेषेबाहेर गेला आणि लगेच आत आला नाही तर शिदो. पण समोरच्याला मुद्दाम बाहेर ढकललं तर ढकलणाऱ्याला शिदो. जड खेळाडू कडेवर असला की दोघंही पंचाकडे तिरक्या नजरेने बघत असतात, त्याचं कारण हे. शिवाय नुसतं वाकून बचाव करत राहणं, पकडच घेऊ न देणं, समोरच्याच्या बाहीच्या आत बोटं घालणं, ही कारणं आहेतच.

आता यातलं राजकारण. ज्याच्याकडे वरची पकड आहे तो पुष्कळदा फेकण्याची घाईच करत नाही. समोरचा हल्ला करू शकत नाही, मग त्याला शिदो मिळणार. दुसरा मिळाला की तो जिवाच्या आकांताने काहीतरी अर्धवट डाव टाकणार, आणि त्या अर्धवट डावावरच उलटी फेक बसणार. म्हणजे शिदो हा शेवट नसतो, तो सापळ्याचा दोर असतो. तिसऱ्या शिदोवर संपलेली अंतिम लढत मला स्वतःला बेचव वाटते, पण ती विनाकारण संपली असं मात्र क्वचितच असतं. पहिलं कार्ड कोणत्या पकडीमुळे आलं ते आठवून बघा, बहुतेक तिथेच उत्तर असतं.

पट्ट्यावरही नजर ठेवा. जड खेळाडूंचे कोट झटापटीत पट्ट्यातून बाहेर येतात, आणि ‘माते’नंतर पट्टा बांधायला कोण किती वेळ घेतो त्यावरून कोणाचा दम सरलाय ते कळतं. पंचालाही कळतं, फार रेंगाळणाऱ्याला तो दामटतो.

थेट हान्सोकु-माके वेगळी चीज आहे. डोकं टाटामीत खुपसून मारलेली उडी, सांधा मोडेल असं कृत्य किंवा खेळाच्या शिस्तीला धरून नसलेलं वर्तन यासाठी ती थेट मिळते. वर्तनासाठी मिळाली तर स्पर्धाच संपते. पॅरिस ऑलिंपिकच्या याच गटाच्या एका उपांत्यपूर्व लढतीनंतर ते घडलं आणि हरलेल्याला रेपेचाजची लढतही खेळता आली नाही.

६. मग फेक ओळखा

कुस्ती बघून ज्यांची नजर तयार झालीय त्यांना एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो: उभ्या लढतीत हाताने पाय किंवा विजारीला धरणं बंद आहे. पट काढायची वाट बघू नका. २०१० ला त्यावर मोठी बंधनं आली आणि २०१३ पासून ते पूर्णच थांबलं. जुन्या लढतींत जड खेळाडूंचे पाय उचलून पाडलेलं दिसेल, आज ते दिसणार नाही.

सगळी नावं पाठ करायची गरज नाही. जड गटात चार-पाच डाव ओळखता आले तरी पुष्कळ झालं. ओसोतो-गारी: कॉलरच्या हाताने समोरच्याला मागे-बाजूला रेलवून त्याच टाचेवर वजन टाकायला लावायचं आणि तो पाय बाहेरून मागच्या मागे झोडपायचा. उचिमाता: पाठ वळवून आपला पाय त्याच्या दोन मांड्यांच्या मधून वर उसळायचा. हाराई-गोशी: तशीच पाठ वळवून, पण पाय बाहेरून झाडायचा. ओउची-गारी: आतून पाय अडकवून मागे पाडायचं. यात समोरच्याला उचलावं लागत नाही, म्हणून भारी माणसावरही हा चालतो.

जड गटात उलटे डाव जास्त दिसतात, आणि त्याचं कारण सरळ आहे. दीडशे किलोच्या माणसासमोर पाठ वळवायची म्हणजे क्षणभर एका पायावर उभं राहायचं. तो क्षण चुकला की तोच माणूस अंगावर. २०२० च्या फेब्रुवारीत पॅरिस ग्रँड स्लॅममध्ये कोकोरो कागेउरा या जपानी खेळाडूने रिनेरच्या हल्ल्यावरच उलटा डाव साधला आणि सलग १५४ विजयांची साखळी तुटली. त्याआधी रिनेर हरला होता तो २०१० मध्ये.

शंभराखालच्या गटात मोकळं, देखणं ज्युदो बघायचं असेल तर २००० च्या सिडनी ऑलिंपिकमधला कोसेई इनोउए बघा. अंतिम फेरीत कॅनडाच्या निकोला जिलवर त्याने टाकलेली उचिमाता आजही प्रशिक्षक मुलांना दाखवतात.

७. जमिनीवर गेले म्हणून नजर काढू नका

फेक अर्धवट झाली की दोघं खाली येतात आणि पंच थोडा वेळ देतो. प्रगती दिसली नाही तर ‘माते’. पण पाठीवर दाबून धरलं तर ‘ओसाएकोमी’ पुकारला जातो आणि बोर्डावर वेगळं घड्याळ सुरू होतं: पाच सेकंदांना युको, दहाला वाझा-आरी, वीसला इप्पोन. धरलेला सुटला तर ‘तोकेता’. गळा आवळणं आणि कोपराच्या सांध्यावरचे पेच यात हार मानायची खूण म्हणजे दोनदा थोपटणं.

जड गटात दाबून धरणं अतोनात परिणामकारक असतं. छातीवर सव्वाशे किलो बसले की वीस सेकंद हा फार मोठा काळ आहे. आणि या गटाचा इतिहासच मुळी एका दाबून धरण्यावर उभा आहे. २३ ऑक्टोबर १९६४ ला टोकियोच्या निप्पोन बुदोकानमध्ये खुल्या गटाच्या अंतिम लढतीत खेसिंकने आकिओ कामिनागाला केसा-गातामे या जमिनीवरच्या पकडीत धरून ठेवलं. जपानच्या घरात, जपानच्या खेळात, जपानी खेळाडू हरला. जल्लोष करत टाटामीकडे धावलेल्या आपल्या डच पाठीराख्यांना खेसिंकने हात उंचावून जागीच थांबवलं. ती चित्रफीत शोधून बघाच. १९८४ ला लॉस एंजेलिसमध्ये यासुहिरो यामाशिताने उजव्या पोटरीला दुखापत झालेली असताना इजिप्तच्या मोहम्मद राश्वानला असंच जमिनीवर धरून सुवर्ण घेतलं. २०३ लढतींत तो अपराजित राहून निवृत्त झाला.

८. पंच आणि व्हिडिओ

टाटामीवर आता एकच पंच असतो. बाकीचे टेबलाशी बसून पडद्यावर बघतात आणि कानातल्या यंत्रातून त्याच्याशी बोलतात. म्हणून इप्पोन दिल्यावर दहा-पंधरा सेकंदांनी तो वाझा-आरीवर उतरला किंवा काढूनच टाकला, तर दचकू नका. जिंकल्यासारखे हात वर करणारा खेळाडू आणि मान खाली घालून पुन्हा सुरुवातीच्या जागेकडे निघालेला पंच, हे दृश्य दिवसातून दोन-तीनदा तरी दिसतं.

पूर्वी तीन पंच टाटामीवर असत आणि व्हिडिओ नव्हता. २००० च्या सिडनीतला शंभरावरच्या गटाचा अंतिम सामना, फ्रान्सचा दाविद दुईए विरुद्ध जपानचा शिनिची शिनोहारा, त्या काळातला. दुईएच्या उचिमातावर शिनोहाराने उलटा डाव टाकला, दोघंही पडले, एका पंचाने शिनोहाराला इप्पोन दिला आणि गुण मात्र दुईएच्या खात्यात गेला. शेवटी दुईए जिंकला. फेक नक्की कोणाची, हे स्वतः ठरवून बघायचा हा सर्वांत चांगला सराव: आधी आवाज बंद करून एकदा साध्या गतीने बघा, मत बनवा, मगच संथ गतीत.

९. सभागृहात बसताना

जागा निवडायची संधी मिळाली तर अगदी पुढची घेऊ नका. पहिल्या रांगेतून पाय दिसत नाहीत आणि पंच मधे येतो. थोडं वर, टाटामीच्या कोपऱ्याच्या रेषेत बसलात तर चारही हात दिसतात. घरून बघत असाल तर महासंघाच्या ज्युदोटीव्हीवर प्रत्येक टाटामीचं वेगळं प्रक्षेपण असतं, त्यातलं एकच लावा.

प्रशिक्षक खुर्चीत बसलेला असतो. लढत चालू असताना त्याला बोलायला बंदी आहे. ‘माते’ झालं की बोलायचं, ‘हाजिमे’ झालं की गप्प. न ऐकणाऱ्याला पंच बाहेर काढतो. त्या चार-पाच सेकंदांत प्रशिक्षक काय हातवारे करतो ते बघा. भाषा कळली नाही तरी तो मनगट दाखवतोय की मान, एवढं कळतं, आणि पुढच्या पकडीत नजर कुठे ठेवायची याचा आयता इशारा मिळतो. प्रेक्षकांना ओरडायला मनाई नाही, पण लढत संपल्यावर दोघं एकमेकांना वाकून नमस्कार करेपर्यंत अनुभवी प्रेक्षक जागेवरून उठत नाहीत.

जागतिक स्पर्धा किंवा ऑलिंपिक असेल तर वैयक्तिक गट संपल्यानंतरचा मिश्र सांघिक दिवस सोडू नका. तिथे पुरुषांचा जड गट ९० किलोच्या वरून सुरू होतो, म्हणजे शंभराखालचे आणि वरचे एकाच गटात येतात. पॅरिसला फ्रान्स आणि जपान ३-३ वर अडकले, निर्णायक लढतीचा गट पडद्यावरच्या सोडतीने ठरला आणि निघाला तो नेमका +९०. रिनेरसमोर होता तात्सुरु साइतो, १९८४ आणि १९८८ च्या ऑलिंपिक विजेत्या हितोशी साइतोचा मुलगा. ती लढत मिळवा, पहिल्यांदा बघताना फक्त रिनेरच्या उजव्या हातावर नजर ठेवा, आणि दुसऱ्यांदा फक्त साइतोच्या दोन्ही हातांवर.